हरण्याचं आवतन

पद्मजाबाई पांढरीपांडे यांच्या घरात बोलणारं माणूस एकच होतं, आणि त्यानं बोलावं कोणाशी हाच प्रश्न होता. समोर कुत्रा. कुत्र्याचं नाव ब्रुनो. हे नाव बाईंनी ठेवलेलं नाही हो. त्यांना कोणी विचारलं असतं तर मोत्या म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. नाव ठेवलं त्यांच्या मुलानं, सलीलनं. पुण्याला नोकरीत असताना त्यानं हे पिवळट, जाडजूड, लोंबत्या कानांचं लॅब्राडोर पिल्लू आणलं, वाढवलं, आणि बायकोला घेऊन कॅनडाला जायची वेळ आली तेव्हा यवतमाळला आईच्या दारात आणून बांधलं. "सहा महिने सांभाळ आई, मग नेतो." ते सहा महिने अजून संपायचे आहेत. ब्रुनोच्या तोंडाभोवती पांढरं आलं, मागच्या पायांवर उठताना तो म्हाताऱ्यासारखा कुंथायला लागला, तरी ते सहा महिने आपले चालूच.

बाई नोकरीभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. अमरावती, नागपूर, मुंबई. साऱ्या गावाची लग्नं, बाळंतपणं आणि मयती त्यांच्या कानांवरून गेल्या. "बोला, तुमचा माणूस लाइनवर आहे," हे वाक्य त्या झोपेतसुद्धा बोलत, असं त्यांचे यजमान मधुसूदन थट्टेनं सांगायचे. मधुसूदनराव रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेलेच. गावाबाहेर लोहाऱ्याकडच्या कॉलनीत बांधलेल्या घराला त्यांनी मोठ्या हौसेनं पाहुण्यांची वेगळी खोली काढली होती. त्या खोलीत आता ब्रुनोची गादी होती.

रविवारी सलीलचा व्हिडिओ कॉल यायचा. म्हणजे यायचा असं म्हणायचं. कधी सकाळी, कधी संध्याकाळी, कधी नाहीच. बाई मात्र सकाळीच न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून, फोन समोर ठेवून बसायच्या. शेजारची एखादी बाई म्हणाली, "चला हो, देवळात जाऊन येऊ," तर म्हणायच्या, "आज नको, सलीलचा फोन आहे." लोकांना वाटायचं, केवढं हे मुलाचं प्रेम. आणि सलील दर खेपेला म्हणायचा, "दिवाळीला नक्की येतो आई." किती दिवाळ्या झाल्या, विचारू नका. बाई दर दिवाळीला चकल्या करायच्या आणि कॉलनीत वाटून टाकायच्या.

तर अशा घरात एके दिवशी भैरवी आली.

भैरवी नागपूरची पोरगी. मुलांच्या मनाचं काहीबाही शिकलेली, आणि जवळ एक खडखडणारी जुनी गाडी. एका संस्थेच्या वतीनं ती कुत्रे घेऊन पोरांना भेटायला जायची. होय, कुत्रे घेऊन! कुत्रा जाऊन नुसता बसतो, पोरं त्याला हात लावतात, आणि आत घट्ट झालेलं काहीतरी सैल होतं, असं तिचं म्हणणं. पद्मजाबाईंना हसूच आवरेना. "अगं बाई, आमच्या गल्लीत एवढी कुत्री पडलेली असतात, कोणाचं काही सैल झालेलं मी तरी पाहिलं नाही." भैरवीही हसली. पण तिनं ब्रुनोची परीक्षा घेतली. त्याच्याजवळ स्टीलचं ताट आपटलं, शेपटी ओढली, कानाशी फुगा फोडला. ब्रुनोनं एकदा डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले. पास! बाईंना उगीचच आपण पास झाल्यासारखं वाटलं.

वसतिगृह कळंबच्या अलीकडे, रस्ता सोडून थोडं आत होतं. तिथली पोरं आसपासच्या खेड्यांतली, कपाशीच्या घरांतली. गेल्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली, किडीनं भरली, आणि लोकांनी पंप पाठीला लावून जहाल औषधं मारली. वारं तोंडावर यायचं. फवारणी करून आलेली माणसं अंगणातच कोसळली. कोणाचे डोळे गेले, कोणी दवाखान्यातून परत आलंच नाही. त्या घरांतली बरीच पोरं इथे आली होती. खायला-प्यायला बरं होतं, शाळा जवळ होती. फक्त पोरं नको तेवढी शहाणी झाली होती. ओरडा नाही, भांडण नाही. पहिल्या दिवशी ती शांतता पद्मजाबाईंनी लगेच ओळखली. आपल्या घराचीच ही शांतता, फक्त इथे ती साऱ्या पोरांत मिळून वाटून घेतलेली.

भैरवीनं ब्रुनोच्या अंगात लाल जाकीट चढवलं, छातीवरून एक पट्टा, पोटाखालून एक, आणि पोरांना समजावलं. हा ब्रुनो. हा तुमच्याकडे कामावर आलाय. त्याचं काम म्हणजे तुमच्याजवळ बसणं. त्याला ओढायचं नाही, आणि खायला काही द्यायचं नाही. तो दमला की आपण थांबायचं.

"हा कामाचा हाये?" अंकुर नावाच्या पोरानं विचारलं. सगळ्या पोरांत तोंड असलेला तेवढाच.

"हो, कामाचा."

अंकुरनं जाकिटाचे पट्टे नीट न्याहाळले आणि बाकीच्यांकडे वळून निकाल दिला. "मंग हा बैलच हाये. पाह्य न, जोत बी बांधलं त्याले."

पोरं पहिल्यांदा हसली. ब्रुनो हे नाव कोणाच्या तोंडात बसेना. हरणाच्या रंगाचा म्हणून त्याला हरण्या करून टाकलं, बैलाला ठेवतात तसं. आणि काय सांगावं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला हरण्या म्हटलं की तो शेपटी हलवायला लागला. घरी बाई "ब्रुनो, ब्रुनो" करून घसा कोरडा करायच्या, तेव्हा कान हलवायचा नाही!

त्या पोरांत अपेक्षा नावाची एक पोर होती. नऊ-दहा वर्षांची, काळीसावळी, केसांना चिक्कार तेल. बाप फवारणीत गेला तेव्हापासून ती बोलत नव्हती. मुकी नव्हती, बोलत नव्हती. तिची आई नागपूरला बांधकामावर गेलेली. स्वयंपाक करणाऱ्या इंदूबाई म्हणायच्या, "पोरीनं तोंडात मिठाची गुळणी धरली जशी." शाळेतल्या बाईंनी समजावलं, डॉक्टरांनी तपासलं, काही उपयोग झाला नाही. भैरवीची ही कुत्र्याची सगळी खटपट खरं म्हणजे तिच्यासाठीच होती. ही पोरगी एकदा बोलली पाहिजे, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं, आणि हळूहळू ते पद्मजाबाईंनीही धरलं.

अपेक्षा पहिल्या काही शनिवारी लांब भिंतीशी बसून राहिली. मग ब्रुनोच उठला, तिच्याकडे पाठ करून तिच्या पायाशी पडला आणि घोरायला लागला. बाकी काही केलं नाही. पुढच्या शनिवारी तिनं त्याच्या जाकिटाचा पट्टा सैल केला आणि त्याखाली बोटं घालून खांदा चाचपून पाहिला. सोलला तर नाही ना, म्हणून. नंतर कान उलटे करून आतली गोचीड शोधून काढली आणि दगडावर ठेचली. शेतकऱ्याची पोर! कुत्र्याचे लाड कसे करतात ते तिला माहीत नव्हतं, कामाच्या जनावराची काळजी कशी घेतात ते माहीत होतं.

आता खरं ते सांगायला हवं. पद्मजाबाईंना हे पाहून आनंद व्हायचा आणि पोटात दुखायचंही. शनिवारी ब्रुनो सकाळपासून फाटकाशी उभा राहायचा. भैरवीच्या गाडीचा खडखडाट कोपऱ्यावर आला की पाय दुखतात हे विसरून नाचायचा. घरी बाईंच्या पायाशी तो असा कधी नाचला नव्हता. वसतिगृहात पोरं त्याच्याभोवती घोळका करायची, आणि बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याची साखळी मांडीवर घेऊन बसायच्या. "आजी, बसा," एवढं कोणीतरी म्हणायचं. बस्स. त्यांना कोणी नाव विचारलं नव्हतं. ह्या वयात कुत्र्याचा हेवा करायचा म्हणजे काय म्हणावं? पण करत होत्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शनिवार आला.

त्या दिवशी गाडीतून उतरतात तो पोरं रांगेत उभी. अंकुर पुढे आला. "मॅडम, हरण्याले सुट्टी कवा रायते?"

भैरवी म्हणाली, "तो आठवड्यातून एकदाच येतो रे, बाकी सुट्टीच असते त्याला."

"तशी नाही. पोयाची सुट्टी. कामाच्या जनावराले पोयाची सुट्टी पायजे. अन् आज तं खांदशेकणी हाये."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून. यवतमाळात राहून एवढं पद्मजाबाईंनाही माहीत होतंच. पोरांनी सगळी तयारी केली होती. इंदूबाईंकडून वाटीत तूप आणि हळद मागून आणली होती, कोणी पळसाची पानं तोडून आणली होती. ब्रुनोचं जाकीट उतरवलं. पण पानाला हात लावायला कोणी पुढे होईना. सगळी अपेक्षाकडे पाहत राहिली. आपसांत ठरलेलं असावं.

अपेक्षा आली. तिनं पळसाचं पान गरम तुपा-हळदीत बुडवलं आणि ब्रुनोच्या एका खांद्यावर दाबलं, मग दुसऱ्या. सावकाश, मोठ्या माणसासारखं. ब्रुनो डोळे मिटून उभा. सगळं झाल्यावर ती खाली वाकली, त्याच्या लोंबत्या कानाशी तोंड नेलं, आणि गंज चढलेल्या कडीसारख्या आवाजात म्हणाली, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

भैरवीनं ओढणीत तोंड खुपसलं आणि रडायला लागली. इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभ्या राहिल्या. वर्षभर न बोललेली पोर बोलली होती!

अपेक्षानं मान वर करून पद्मजाबाईंकडे पाहिलं. जनावर काही स्वतः हो म्हणत नाही, त्याच्या धन्याला म्हणावं लागतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. पण त्या पाण्याखाली तो हेवाही होता. बोलली तीही कुत्र्याशी, आणि जेवायला बोलावलं तेही कुत्र्याला. आपल्याला शेवटचं कोणी जेवायला बोलावलं, ते त्यांना आठवेना. त्या हसल्या आणि कॉलनीत कोणी हळदीकुंकवाला बोलावल्यावर म्हणतात तसं म्हणाल्या, "हो हो, येईल हं. येईल की."

शहरातलं हो! त्याला काय लागतं? तोंडातून निघालं, संपलं.

परतताना गाडीत भैरवी म्हणाली, "काकू, उद्या मला नागपूरला घरी जायचंय. गाडी नसेल. आणि पुरणपोळी त्याला चालतही नाही. मुलांचा खेळ होता, मुलं विसरतील."

"विसरतील गं," बाई म्हणाल्या. "उद्या रविवार. मलाही सलीलचा फोन आहे."

पोळ्याच्या दिवशी बाईंनी मातीची बैलजोडी आणून पुजली, नैवेद्य दाखवला, आणि इस्त्रीची साडी नेसून फोनसमोर बसल्या. दुपारी ब्रुनो फाटकाशी जाऊन उभा राहिला. "अरे, आज शनिवार नाही," त्या आतून ओरडल्या. तो तिथेच उभा. हळदीचे पिवळे डाग अजून त्याच्या खांद्यांवर होते. दिवस कलला, बाहेर सजवलेले बैल घुंगरं वाजवत गेले, पोरं मागून ओरडत गेली. फोन गप्प. दिवेलागणीला दोन ओळींचा मेसेज आला. आज जमत नाहीये, पुढच्या रविवारी नक्की. बाईंनी तो वाचला, साडी बदलली, आणि स्वतः न जेवता नैवेद्याची पोळी ब्रुनोला दिली. चालत नाही तर नाही! त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. बाईंनी झडप घातली. सलील नव्हता.

"बाई, मी इंदूबाई बोलून राह्यली, होस्टेलातली. तुम्ही काल काहून नाही आल्या?"

"अहो, गाडी नव्हती. आणि तो मुलांचा..."

"नव्हतं यायचं तं हो कायले म्हनलं?" इंदूबाईंचा आवाज चढला. "पोरगी सकायपासून नवा फराक घालून फाटकात बसली होती, ताट घेऊन. हरण्या येईन, आता येईन. पोरं जेवले, खेळाले गेले, ते तशीच. अंधार पडला तवा उचलून आणलं मी तिले. जेवली नाही. रातची बी नाही, सकायची बी नाही. अन् पुन्हा बोलनं बंद झालं, बाई. परवा बोलली होती नं पोरगी, तुमच्यासमोरच बोलली होती!"

"आलेच," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या तिथेच खुर्चीवर बसल्या. काल दिवसभर ती पोरगी तिथे फाटकात बसली होती आणि आपण इथे फोनसमोर. दोघीही नटूनथटून, दोघीही उपाशी. फरक एवढाच की आपण कोणाची तरी वाट पाहत होतो, आणि तिला वाट पाहायला आपण बसवलं होतं. सलील आपल्याला बसवतो तसं. हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की लाज वाटली.

भैरवी नागपूरला. बाई ब्रुनोला घेऊन स्टँडवर गेल्या. कळंबच्या गाडीच्या कंडक्टरनं आडवा हात लावला. "बाई, कुत्र्याले एसटीत बसवता येत नाही."

"त्याला जेवायचं आमंत्रण आहे हो."

"असंन. पण एसटीचं नाही."

लोक हसले. बाईंना एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज त्यांनी पदर खोचला आणि रस्त्यावर उभ्या राहून हात करत सुटल्या. शेवटी उकंडा नावाचा एक मालवाहू ऑटोवाला थांबला. भाजी उतरवून तो कळंबला परत चालला होता. मागे रिकाम्या टोपल्या. "चावन तं नाही हा?"

"चावायला आधी उठावं लागतं," बाई म्हणाल्या. दोघांनी मिळून ब्रुनोला वर चढवलं. बाई पुढे बसायला तयार नव्हत्या. टोपल्यांमध्ये, कोथिंबिरीच्या वासात, कुत्र्याची मान धरून त्या बसल्या. दोन्ही बाजूंनी कपाशी मागे जात होती, पाती-फुलांवर आलेली. यवतमाळच्या कोणी ओळखीच्यानं पाहिलं असतं तर पांढरीपांडेबाईंना वेड लागलं म्हणून सांगितलं असतं.

वसतिगृहात त्या दिवशी तान्हा पोळा होता. पोरं लाकडी बैलांना दोऱ्या बांधून अंगणात ओढत होती. हरण्याला पाहताच सगळी धावली आणि जवळ येऊन थबकली. "काल नाही आला," अंकुर म्हणाला. एवढंच. नेहमीसारखा घोळका झाला नाही, कोणी हात लावला नाही. ब्रुनोनं शेपटी हलवून पाहिली आणि खाली घातली.

अपेक्षा स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसली होती. जवळच पाणी घातलेल्या परातीत तिनं कालचं ताट ठेवलं होतं, मुंग्या लागू नयेत म्हणून. ताटात पुरणपोळी, भजी, कढी वाळून ताटाला चिकटलेली. म्हणजे अजूनही ठेवलं होतं तिनं. फेकून दिलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

ब्रुनो साखळी ओढत गेला आणि तिच्या पायाशी पडला. तिनं पाय आखडून घेतला.

बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. काय बोलावं? जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, स्वतःचं बोलायची वेळ आली तर लाइन लागेना. "काल मी हो म्हटलं आणि आले नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याची काही चूक नाही. तो दिवसभर फाटकाशी उभा होता. मी आणलं नाही त्याला. माझं चुकलं, पोरी."

अपेक्षानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अंगणात पोरं ओरडत होती. मग ती खाली वाकली, ब्रुनोचा कान उचलला आणि त्यालाच विचारलं, "काहून नाही आला?"

बाईंनी पायरीचा कठडा धरला. जनावराचं उत्तर धन्यानंच द्यायचं असतं. "मी फोनची वाट पाहत बसले होते," त्या म्हणाल्या.

"कोनाच्या?" हेही कुत्र्यालाच.

"माझ्या मुलाच्या. तो लांब असतो. रविवारी फोन करतो म्हणाला होता."

"आला?"

"नाही."

अपेक्षा थोडा वेळ ब्रुनोच्या खांद्यावरचा हळदीचा डाग बोटानं पुसत राहिली. तो जात नव्हता. मग बोलायला लागली, तशाच गंजलेल्या आवाजात, थांबत थांबत. "माह्या बानं बी देल्लं होतं आवतन. फवारून आला, डोये लाल लाल, तरी बैलाइचे खांदे शेकले. आवतन देल्लं. मंग त्याले दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिशी बैलं वाट पाहून राह्यले होते. कोनी धुतलं नाही, कोनी जेवाले नाही देल्लं. मीच गेलती गोठ्यात. पन आवतन बानं देल्लं होतं नं. मी कशी जेवाले देऊ?"

बाईंना हुंदका आवरला नाही. त्या मटकन पायरीवर बसल्या, इस्त्रीच्या साडीची पर्वा न करता. अपेक्षा जरा सरकली. तिनं परातीतून ताट काढलं, पोळी मोडली. ती वाळून कडकडीत झाली होती, मोडताना आवाज आला. अर्धी तिनं ब्रुनोसमोर धरली. खायला द्यायचं नाही हा नियम बाईंना आठवला आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. काल घरची ताजी पोळी नाकारणारा तो चोर, ही वाळकी कुरुकुरु खाऊन गेला, वर ताटही चाटलं. दुसरी अर्धी अपेक्षाच्या हातात होती. ती तिनं बाईंपुढे केली.

"खाय."

"आणि तू?"

मग तिनं त्या अर्ध्याचेही दोन तुकडे केले. दोघी खात बसल्या. पुरण आंबूस झालं होतं. बाईंनी ते सगळं खाल्लं. इंदूबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्या काही न बोलता आत गेल्या आणि गरम भाताचं ताट घेऊन आल्या. अपेक्षा तेही जेवली.

निघायची वेळ झाली. उकंडा ऑटोचा भोंगा वाजवत होता, बाईंना परत सोडून देतो म्हणाला होता. बाईंनी अपेक्षाला विचारलं, "पुढच्या वर्षी देशील का गं आवतन, हरण्याला?"

पोरीनं ब्रुनोकडे जाणत्या नजरेनं पाहिलं. तो उठायची खटपट करत होता, मागचे पाय साथ देत नव्हते. "हरण्या म्हातारा झाला," ती म्हणाली. "तो नाही पुरन तवापर्यंत." आणि मग पहिल्यांदा सरळ बाईंकडे पाहून, "तुले देईन."

बाईंच्या ओठांवर ते नेहमीचं "हो हो, येईन हं" आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. पुढच्या पोळ्याला आपण असू का, पाय चालतील का, सगळं मनात मोजून पाहिलं. मग म्हणाल्या, "येईन." आणि ते म्हणायला त्यांना फार जड गेलं.

दिवस मावळता मावळता त्या घरी पोचल्या. साडीला चिखल, केसांत कोथिंबीर. दिवा लावला तोच फोन वाजला. सलील. स्क्रीनवर त्याचा चेहरा, मागे त्याच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन.

"सॉरी गं आई, काल इतकी धावपळ झाली. बरी आहेस ना? हे काय अवतार तुझा? ऐक ना, दिवाळीला मात्र नक्की येतो. अगदी नक्की."

"हो म्हणू नकोस, सलील."

"म्हणजे?"

"यायचं असेल तर ये. जमणार नसेल तर नाही म्हण. मी रागावणार नाही. पण नुसतं हो म्हणू नकोस रे. इकडे हो म्हटलं की माणूस ताट वाढून फाटकात बसतं."

पलीकडे शांतता झाली. लाइन तुटल्याची शांतता वेगळी असते आणि माणूस गप्प झाल्याची वेगळी, हे बाईंना आयुष्यभराच्या नोकरीनं शिकवलं होतं. त्या थांबल्या. सलीलनं मान खाली घातली होती. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेले त्यांना पहिल्यांदाच दिसले.

"नाही जमणार, आई," तो हळूच म्हणाला. "या दिवाळीला नाही. पुढच्याही... मला माहीत नाही गं."

"बरं," बाई म्हणाल्या. "जेवत जा वेळेवर."

फोन ठेवला आणि त्या रडल्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं, घरात कोणी ऐकणारं नाही म्हटल्यावर कोणाची लाज धरायची? पाहुण्यांच्या खोलीतून नखांचा आवाज आला. ब्रुनो कुंथत उठला, दिवसभराच्या प्रवासानं आखडलेले पाय ओढत आला, आणि बाईंकडे पाठ करून त्यांच्या पायांवर अंग टाकून पडला. अंगात लाल जाकीट नव्हतं, आणि शनिवारही नव्हता.